रुमालाखालचा वर्ग

शाल अंगावर पडली तेव्हा रागिणी फोटोसाठी हसत होती. म्हणजे ओठ तेवढे हसत होते. अकोल्याच्या त्या सभागृहात कूलरचा ओलसर वारा मानेवर घेत बसलेली बाकीची रागिणी केव्हाची वैतागली होती. अहवाल अजून कुणी वाचून दाखवला नाही, त्याच्यावर कुणी चकार शब्द काढला नाही, आणि सत्कार आधी! प्रकल्पाचे साहेब एका हाताने शालीचं टोक सावरत दुसऱ्या हाताने तिला नारळ देत होते आणि बघत होते कॅमेऱ्याकडे. फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा जवळ. अजून एक." त्या अजून एका फोटोत, शालीच्या आड, नारळाखाली, साहेबांच्या बोटांनी तिची बोटं दाबली. वाईट हेतूने नव्हे. तसा हेतू असता तर काय करायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. हसू जराही न हलवता साहेब म्हणाले, "तो शेवटचा भाग आम्ही काढलाय, मॅडम. बाकी अहवाल अप्रतिम. समजून घ्या." आणि पुन्हा एकदा, हलकेच, दोन बोटं दाबली. फ्लॅश उडाला, टाळ्या वाजल्या. रागिणी नारळ मांडीवर घेऊन खुर्चीत येऊन बसली, तेव्हा तिचा उजवा हात मनगटापर्यंत पेटल्यासारखा झाला होता. हा दाब तिच्या ओळखीचा होता. कापडाखालचा हात काय बोलतो ते तिला लहानपणापासून कळत होतं.

कार्यक्रमपत्रिकेत तिच्या नावापुढे 'प्राध्यापिका, शिक्षणशास्त्र, अमरावती' असं छापलं होतं, आणि तिच्यावर सोपवलेलं काम एका ओळीचं होतं. जिल्ह्यातल्या काही शाळांत जे मोठे पडदे बसवले, पोरांच्या हातात चार बटनांची जी रिमोटं दिली, त्यांनी पोरं खरंच शिकतात का ते बघून सांगा. बस्स, एवढंच. त्यासाठी ती मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा अशी उन्हातान्हात हिंडली, एसटीच्या फळकुटांवर कंबर मोडून घेतली, आणि अहवालाच्या शेवटी स्वच्छ लिहिलं की नाही, शिकत नाहीत. यंत्र वाईट म्हणून नव्हे, यंत्र बसवलं आणि माणूस उठवला म्हणून. या शाळांतल्या कंत्राटी गणित शिक्षकांना दिवाळीनंतर परत घेतलंच नव्हतं. प्रयोग म्हणे! पडदा शिकवू लागला की मास्तर लागतो का, हे म्हणे बघायचं होतं. आज तिच्या अहवालाच्या जोरावर 'यशस्वी' असं जाहीर झालं की जूनपासून सगळ्या जिल्ह्यात तेच होणार होतं, आणि हिवरखेडच्या अलीकडच्या एका गावात ती ज्या वर्गात बसून आली होती, त्या आठवीच्या पोरांना गणिताचा मास्तर पुन्हा कधी दिसणार नव्हता. तिने मांडीवरच्या छापील प्रतीची पानं उलटली. शेवटचा भाग खरंच नव्हता. त्या जागी पडद्यासमोर मांडी घालून बसलेल्या पोरांचा रंगीत फोटो होता. तिला ते पान टराटरा फाडावंसं वाटलं. तिने ते नीट बंद केलं, कोपरा दुमडला होता तोही सरळ केला, आणि आपल्या या नीटनेटकेपणाचाच तिला जास्त संताप आला.

व्यासपीठावर कुणीतरी 'डिजिटल क्रांती' म्हणालं. कुणीतरी नेहमीच म्हणतं. तिच्या स्वतःच्या महाविद्यालयातही असा एक पडदा होता, आणि त्यावर आजवर सगळ्यात जास्त वेळा काय दिसलं असेल तर प्राचार्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. पण यंत्राशी तिचं भांडण नव्हतं, हे ती कुणालाही शपथेवर सांगायला तयार होती. त्याच गावातल्या शाळेत किशोर सर हे कंत्राटी गणित शिक्षक होते तेव्हा तेही हाच पडदा लावत. अपूर्णांकांच्या भाकरीचे तुकडे पडद्यावर हलू लागले की सर मध्येच थांबवत, 'आता पुढं काय होईल?' विचारत, पोरं गलका करत, सर खडू घेऊन जमिनीवर उतरत, पुन्हा पडदा सुरू होई. त्या महिन्यांची आकडेवारी तिने पाहिली होती. हिरव्यात लाल, लालात हिरवं, सगळी सरमिसळ. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, ज्याचं त्याचं. मग दिवाळीनंतर सर गेले, आणि सर गेल्यावर आलेख जो वर चढला तो वरच राहिला. सगळं हिरवंगार! मास्तर होता तेव्हा पोरं चुकत होती, मास्तर गेला आणि पोरं हुशार झाली, असं तो आलेख सांगत होता. आता सभागृहाच्या पडद्यावर झळकणाऱ्या त्या आलेखाकडे बघून खुर्च्यांवर बसलेली शिकलीसवरलेली माणसं माना डोलवत होती, आणि त्यातल्या एकालाही हे विचित्र वाटत नव्हतं. की वाटत होतं, आणि तोंडं मिटून घेतली होती? तिला दुसरी शक्यता जास्त खरी वाटली, आणि जास्त घाण वाटली.

ती त्या शाळेत गेली तेव्हा मुख्याध्यापक गजेंद्र सर फाटकापर्यंत सामोरे आले होते. उंच, किडकिडीत माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि बोलताना सतत मागे वळून बघायची सवय. वर्गात शिरल्यावर रागिणीला पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर शांतता. आठवीचा वर्ग, पोरं दाटीवाटीने सतरंजीवर बसलेली, आणि टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. पडद्याच्या माथ्यावर एक कॅमेरा होता, तो म्हणे गोंगाट मोजतो. पडदा बसवणाऱ्यांकडून आलेला शुभम नावाचा तरुण तिला कौतुकाने म्हणाला, "बघा मॅडम, शिस्त." त्याचंही काय चुकत होतं? त्याला शिस्त आणि शांतता यांत फरक असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. रागिणीच्या अंगावर मात्र काटा आला होता. तिला वर्गातला गलका कळतो; कुठला गलका दंग्याचा आणि कुठला डोकं चालू असल्याचा, हे ती व्हरांड्यातून चालतानाही सांगू शकते. ही शांतता तिच्या ओळखीच्या कुठल्याच वर्गातली नव्हती. पडद्यावरची बाई गोड आवाजात प्रश्न विचारत होती, चार उत्तरं दाखवत होती, थोडा वेळ जात होता, मग बटनं दाबल्याचे बारीक आवाज पहिल्या ओळीपासून मागच्या ओळीकडे सरकत जात होते, आणि पडदा हिरवा होत होता. पुन्हा प्रश्न, पुन्हा ती सरकणारी टिकटिक, पुन्हा हिरवं. एकदम का नाही वाजत बटनं, असं तिच्या मनात आलं. पुढून मागे का?

मग तिचं लक्ष ओढण्यांकडे गेलं. पोरी एकमेकींना खेटून बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या ओढणीचं टोक शेजारणीच्या हातावर पडलेलं होतं. पोरांच्या मांडीवर दप्तरं होती, दोघांमध्ये एक अशी. चेहरे सगळे पडद्याकडे, कोरे करकरीत. पण पहिल्या ओळीच्या कडेला बसलेल्या, दोन घट्ट वेण्या घातलेल्या एका मुलीचं मनगट ओढणीखाली किंचित हललं, तिच्या शेजारणीचं हललं, मग तिच्या शेजारणीचं. तोंड हलत नाही, डोळा हलत नाही, मनगट हलतं. ते बघता बघताच रागिणीला आपल्या बापाच्या वांग्यांचा ढीग दिसला, ओल्या पोत्याचा वास आला, आणि भगवंतराव अडत्याचा तो मळकट, तपकिरीचे डाग पडलेला रुमाल दिसला.

तालुक्याच्या भाजीबाजारात माल विकायची तेव्हा तीच रीत होती. बाप, उत्तमराव, पहाटे तोडलेली वांगी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन यायचा, ढीग लावायचा आणि मग बाजूला उभा राहायचा. माल त्याचा, मळा त्याचा, पाठ त्याची वाकलेली, आणि भाव ठरवणार भगवंतराव आणि घेणारा व्यापारी, दोघं रुमालाखाली हात घालून. एक बोट, दोन बोटं, मुठीत धरलेली चार. वर हवापाण्याच्या गप्पा आणि खाली सौदा. बाप त्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहायचा. तोंडांवर काही नसायचं. भगवंतरावाला ही काळीसावळी, चुरचुर बोलणारी पोर आवडायची. दुपारी बाजार ओसरला की तो म्हणायचा, "ये वो माय, तुले हिशेब शिकवतो," आणि तिचा इवलासा हात रुमालाखाली ओढून तिला बोटं मोजायला लावायचा. तिला गुदगुल्या व्हायच्या. तिला तो खेळ वाटायचा, आणि बापाला ठाऊक नसलेलं काहीतरी आपल्याला ठाऊक आहे, याचा मोठा तोरा वाटायचा. आता हे शिकलेलं तिला कधी उपयोगी पडेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. शिक्षणशास्त्राच्या एकाही पुस्तकात ते नव्हतं. पण ही पोरंही भाजीवाल्यांची, फुलवाल्यांचीच होती. कुणाचा तरी आजा अजून तसा हात दाबत असणार. कॅमेरा आवाज मोजतो काय? मग आवाजच करायचा नाही. पहिल्या ओळीतून पहिलं उत्तर असेल तर एक बोट, तिसरं असेल तर तीन. अख्खा वर्ग एका पोरीच्या बोटावर चालला होता, आणि ते बघून तिला आधी, खोटं कशाला बोलायचं, हसू आलं होतं. काय पोट्टे आहेत! त्यानंतर तिला राग आला, आणि तो अजून उतरायचं नाव घेत नव्हता.

कारण त्यानंतर समीकरणाचा प्रश्न आला. एका संख्येच्या तिपटीतून पाच वजा केले तर सोळा उरतात, तर ती संख्या कोणती? पडद्यावरच्या बाईने त्याच गोड आवाजात विचारलं. यावेळी वेळ जास्त गेला. वेण्यांवाली मुलगी पडद्याकडे बघत होती आणि तिच्या कपाळावर आठी होती, त्या वर्गातली एकमेव आठी. बाकी सगळे थांबले होते, तिच्या बोटांची वाट बघत. मग मनगट हललं. टिकटिक पुढून मागे सरकत गेली, आणि पडदा लाल झाला. एक कोपरा नाही, दोन चौकोन नाहीत. अख्खा पडदा, वरपासून खालपर्यंत, लालभडक. सगळ्यांनी एकच चूक केली होती. वर्गातली शांतता तशीच राहिली, फक्त त्या मुलीने मान खाली घातली. शुभम पटकन पुढे झाला. "नेटवर्क, मॅडम," तो म्हणाला. "सगळे एकदम चुकले की ते नेटवर्कच असतं. सिस्टीम तो प्रश्न आपोआप काढून टाकते. मोजतच नाही."

"आपोआप?" रागिणीने विचारलं.

"हो ना. सगळी मुलं एकच चूक कशी करतील? शक्यच नाही ना ते."

तो मनापासून बोलत होता, तेच तर वाईट होतं. आणि जे सगळे एकदम बरोबर येतात, ते नाही का काढून टाकत, असं ती विचारणार होती. पण गजेंद्र सर तिच्याकडे अशा नजरेने बघत होते की तिने शब्द गिळले. म्हणजे किशोर सर गेल्यापासून ही एक पोर अख्खा वर्ग ओढत होती. जे सरांनी शिकवलेलं, जे तिला घरी वाचून कळलेलं, ते हिरवं. जे तिलाही कळलं नाही ते लाल, आणि जे लाल ते नेटवर्क. चूक शिल्लकच राहत नव्हती. पोरांना काय येत नाही हे कुणाला कळायची वाटच बुजवून टाकली होती, आणि त्या बुजवलेल्या वाटेवर गुळगुळीत आलेख काढला होता. बाहेर व्हरांड्यात गजेंद्र सर हळूच म्हणाले, "मॅडम, तुमाले समजलं ना? मले म्हाईत हाय, तुमाले समजलं. पन मायं नाव कुठी येऊ देऊ नका जी. वरून सांगतलं हाय, आकडा खाली आला तं शाळाच दुसऱ्या गावाले जोडू." रागिणीला त्यांची कीव आली आणि चीडही आली, आणि दोन्हींतलं काय आधी आलं ते आठवत नव्हतं.

मधल्या सुटीत ती त्या मुलीशेजारी शहाबादी फरशीवर बसली. मुलीचं नाव आकांक्षा. बापाचा झेंडूचा मळा, आई फुलांचे हार करून विकते. "मॅडम, मी चुकली म्हनून सगळे चुकले," ती आल्या आल्या म्हणाली, जणू तोच गुन्हा होता. रागिणीने पिशवीतून खडू काढला, वर्गात शिकवणाऱ्या बाईच्या पिशवीत असतोच, आणि फरशीवर रेघ मारली. ही तीन पट. यातून पाच काढले, उरले सोळा. आता काढले नसते तर किती असते? मुलगी रेघेकडे बघत राहिली. "एकवीस," ती म्हणाली. मग थांबली, ओठ हलले, आणि तोंडावर ते आलं जे कुठल्याही पडद्यावर येत नाही. "म्हंजे आधी पाच वापस करा लागतात! मंग तीन वाटे. सात! सातच होते ना जी?" तिने फरशीवर बोटाने सात काढला. मग एकदम रागावल्यासारखी म्हणाली, "मंग टीव्ही असं काहून सांगत नाई?"

"त्याने सांगितलं होतं की. मी ऐकलं."

"हो, सांगतलं. पन मले नाई समजलं, तवा तो थांबला नाई."

एवढंच. याच्या पलीकडे त्या सगळ्या अहवालात लिहिण्यासारखं काय होतं? ती उठायला लागली तसा आकांक्षाने तिच्या पिशवीचा बंद धरला. "मॅडम, उद्या येसान का जी? पुढच्या धड्यात याहून अवघड हाय. मले समजलं तं मी सगळ्याईले सांगतो ना." आणि रागिणी, महाराष्ट्रभर शिक्षकांना शिकवत हिंडणारी रागिणी, म्हणाली, "बघू." तिला अमरावतीची गाडी पकडायची होती. 'बघू' म्हणजे काय हे कुणब्या-माळ्याच्या पोरीला सांगावं लागत नाही. मुलीने पिशवीचा बंद सोडला.

तो 'बघू' अजून तिची पाठ सोडत नव्हता. सभागृहात आता गंमत म्हणून सगळ्या मुख्याध्यापकांच्या हाती तीच रिमोटं दिली होती, आणि शुभम पडद्यावर सोपे प्रश्न दाखवत होता. केसांना कलप लावलेली ती भारदस्त माणसं खुदूखुदू हसत शेजाऱ्याच्या रिमोटमध्ये डोकावत होती. "काय दाबलं हो?" "दोन दाबा, दोन." पडदा हिरवा झाला. टाळ्या. साहेब माइकवरून म्हणाले, "पाहा, गुरुजनांनाही शिकवलं तंत्रज्ञानाने," आणि सगळे हसले. शेवटच्या रांगेत गजेंद्र सर बसले होते. त्यांच्या हातातलं रिमोट उपडं होतं आणि ते हसत नव्हते. रागिणीला घाम फुटला. त्या लोकरी शालीत, एप्रिलमध्ये, अकोल्यात! कुणाच्या सुपीक डोक्यातून ही शाल निघते उन्हाळ्यात? पण काढायची कशी, सत्कार अंगावर आहे. ती शाल तिच्या हातांवरून मांडीवर पसरली होती आणि त्याखाली तिची बोटं एकमेकांना दाबत होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. म्हणजे आपणही. साहेबांनी रुमाल टाकला आणि आपण मुकाट्याने आत हात घातला. अमरावतीला परत जायचं, साईनगरच्या घरात पंखा लावून पडायचं, पुढच्या वर्षी असंच दुसरं काम मिळेल. सौदा वाईट नव्हता. फक्त माल आपला नव्हता.

सकाळी बाबांचा फोन आला होता. उत्तमराव आता थकले आहेत, मळा भावाकडे आहे, पण ती कुठे निघाली की त्यांना कसं कोण जाणे समजतं. "आज काय हाय तुयं अकोल्याले?" त्यांनी विचारलं होतं. तिने सांगितलं. ते म्हणाले, "जास्त बोलू नको बाई. मोठी मानसं असतात." हे ते कायम सांगत आले. तिच्या लग्नात, तिच्या पहिल्या नोकरीच्या वेळी, प्रत्येक वेळी. आणि प्रत्येक वेळी तिचा डावा गाल तापतो. कारण त्या बाजारात एका सकाळी, दुपारच्या खेळाच्या वेळी नव्हे, खऱ्या सौद्याच्या वेळी, तिने लाडात येऊन भगवंतरावाच्या रुमालाखाली हात सारला होता. व्यापाऱ्याची बोटं तिला लागली. तिने मोजली. मग भगवंतराव रुमालातून हात काढून बापाला भाव सांगू लागला, तो कमी होता. आणि ती ओरडली, बाजारभर ऐकू जाईल अशी: "बाबा, रुमालात जास्त होते! मी मोजले!" मिरच्या तोलणारा तोलायचा थांबला. तिला वाटलं, बाबा आता तिला उचलून घेतील. बाबांनी तिच्या गालावर अशी लगावली की ती सांभाराच्या जुड्यांवर जाऊन पडली. भगवंतराव हसला. "लेकरू हाय, उत्तमराव, जाऊ द्या," म्हणाला. माल त्याच्याच भावाने गेला. बाबांनी परतताना तिला आलूबोंडा घेऊन दिला, आणि तिने तो खाल्ला नाही, घरापर्यंत हातात तसाच आणला, तेलाने सगळा फ्रॉक खराब झाला.

घरी आईने, सत्यभामाबाईने, विचारलं होतं, "गाल काहून लाल झाला वो पोरीचा?"

"म्या मारलं."

"काय केलं तिनं?"

"बाजारात खरं बोलली."

"मंग मारलं काहून?"

बाबा बैलांना पाणी दाखवायला निघाले होते. दारातच थांबून, मागे न वळता ते म्हणाले, "म्हनलं ना. खरं बोलली." आणि त्यांचा आवाज असा झाला होता की आई मुकाट चुलीकडे वळली. रागिणीला इतकी वर्षं तो आवाज रागाचा वाटत आला होता. आज, या खुर्चीवर, घामाने निथळत, तिला पहिल्यांदा कळलं की तो राग तिच्यावर नव्हताच. तो राग त्यांना कुठे नेऊन ठेवायचा ते माहीत नव्हतं, म्हणून तो जवळच्या गालावर पडला. मग तो राग गेला कुठे? एवढ्या वर्षांचा, भाव ठरताना बाजूला उभं राहिल्याचा? तो कुणीतरी कधीतरी बोलून टाकायला हवा होता.

"आता आपल्या अहवालाबद्दल रागिणी मॅडम दोन शब्द बोलतील," निवेदिका म्हणाली.

रागिणी उठली. शाल खांद्यावरून काढली, तिची नीट घडी घातली नाही, खुर्चीवर टाकली. नारळ साहेबांपुढच्या टेबलावर ठेवला. माइक तिच्या उंचीला फार वर होता, तो खाली करायला शुभम धावला. चांगला मुलगा होता. ती म्हणाली, "नमस्कार. माझ्या अहवालाचा शेवटचा भाग तुमच्या प्रतीत नाही. तो मी तोंडी सांगते." साहेबांची खुर्ची करकरली. "पडदा यशस्वी झालेला नाही. ज्या शाळांत सगळं हिरवं दिसतंय, तिथे वर्गातलं एखादं लेकरू उत्तर ठरवतं आणि बाकीच्यांना कापडाखालून बोटांनी सांगतं. ते लेकरू चुकलं की सगळे चुकतात, आणि सगळे चुकले की तुमची व्यवस्था ती चूक नेटवर्क म्हणून पुसून टाकते. म्हणून आलेख वर गेलाय. किशोर सरांसारखे शिक्षक होते तेव्हा मुलं वेगवेगळी चुकत होती. मुलं वेगवेगळी चुकतात तेव्हा ती शिकत असतात. हे ज्याला कळत नाही त्याने शाळा चालवू नये."

"मॅडम," साहेब उठून तिच्या कोपराजवळ आले, तोंडावर हसू तसंच. खालच्या आवाजात म्हणाले, "ही ती जागा नव्हे. आपण आत बसून बोलू."

"मंग कोनती हाय जागा, साहेब?" ती म्हणाली. आपली भाषा बदलली हे तिला ऐकू आलं आणि तिने ते थांबवलं नाही. "आत बसूनच तं ठरते सगळं. माल या लोकाईचा, लेकरं या लोकाईची, आन् भाव ठरते आत. मी नाई बसत आत." तिने कोपर सोडवून घेतलं. "त्या आठवीच्या पोट्ट्याईले गनिताचा मास्तर पायजे. टीव्ही राहू द्या, मले टीव्हीचं काई नाई. पन लेकराले नाई समजलं तं थांबनारा मानूस पायजे. एक पोरगी मले म्हने, उद्या येसान का..."

माइक बंद झाला. कुणी बंद केला ते कळलं नाही. तिचा आवाज एकदम बारीक, नुसत्या बाईमाणसाचा झाला आणि कूलरच्या घरघरीत बुडाला. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. निवेदिका हातातल्या कागदांकडे बघू लागली. साहेब वळून सभागृहाकडे हात जोडत "चहाची व्यवस्था..." म्हणू लागले, काही माणसं उठायलाही लागली, आणि रागिणी तिथेच उभी होती, डावा गाल तापलेला, आता कुठून पडते त्याची वाट बघत.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. गजेंद्र सर उभे राहिले होते. या वेळी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. हातातलं रिमोट खुर्चीवर ठेवून ते म्हणाले, "मॅडम, मागं आयकू नाई येऊन राहिलं. जरा जोरात बोला जी."

उठलेली माणसं तशीच थबकली. रागिणीने छातीभरून श्वास घेतला आणि बाजारात ओरडली होती तेवढ्याच जोरात पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.